मैत्रिणीशी बोलून मन हलकं व्हावं म्हणून

मुलगी तासभर मैत्रिणीशी फोनवर बोलते, खोलीतून बाहेर येते आणि तोंड आधीपेक्षा उतरलेलं असतं. "काय झालं?" विचारलं की "काही नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, तोच विषय. ज्यांच्या घरी हे चाललंय त्या आयांसाठी, मावश्या-आत्यांसाठी आणि वडिलांसाठीही हे लिहितेय. मधला बराच भाग मुलींनी स्वतः वाचावा असा आहे. तिथे पोचलात की त्यांच्या हातात द्या.

मी बडोद्यात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून दांडिया बाजारातल्या घरीच शिकवण्या घेते. शिकवणी सुटली तरी मुली लगेच घरी जात नाहीत. कुणी ओट्यावर बसतं, कुणी ॲक्टिव्हाला टेकून उभं राहतं, आणि मग घरची मराठी, बाहेरची गुजराती, शाळेतलं इंग्रजी असं सगळं मिसळून बोलणं सुरू होतं. त्या बोलण्यात किती माया असते ते मी रोज बघते. त्यातूनच काही मुली दिवसेंदिवस कोमेजत जातात, तेही बघते. म्हणून पहिल्यांदाच सांगते: ती मैत्री तोडायला जाऊ नका. बोलण्याची चाल बदलायची आहे, आणि ती बदलता येते.

आधी ओळखायचं कसं

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ मध्ये या प्रकारावर पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला को-रुमिनेशन असं नाव दिलं. आपण त्याला दोघींनी मिळून उगाळणं म्हणू. त्यांनी त्याची लक्षणं अगदी नेमकी सांगितली आहेत. अडचणींबद्दल सतत बोलणं, तीच अडचण पुन्हा पुन्हा काढणं, "सांग ना, अजून काय झालं" म्हणत एकमेकींना त्याच विषयावर धरून ठेवणं, का झालं असेल आणि पुढे काय होईल याचे तर्क लढवत राहणं, आणि वाईट वाटण्यातच रुतून बसणं.

त्यांनी तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीतल्या ६०८ मुलामुलींना प्रश्न विचारले होते. जी मुलं असं जास्त उगाळत होती त्यांची मैत्री जास्त जवळची होती, आणि त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त होती. दोन्ही एकाच वेळी. पुढे २००७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१३ मुलांचा सहा महिन्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. उगाळणाऱ्या मुलींची मैत्री त्या काळात आणखी घट्ट झाली, आणि उदासी-चिंताही वाढली. मुलग्यांची मैत्री घट्ट झाली, उदासी वाढलेली दिसली नाही. शिवाय ज्या मुली आधीच खिन्न होत्या त्या पुढे जास्त उगाळायला लागल्या. म्हणजे खिन्न आहे म्हणून उगाळते, आणि उगाळते म्हणून आणखी खिन्न होते.

हे अभ्यास तिकडच्या मुलांवरचे आहेत. आपल्याकडे घरात माणसं जास्त, स्वतःची खोली क्वचितच, त्यामुळे हे उगाळणं ओट्यावर, गच्चीत आणि रात्री पांघरुणात फोन धरून होतं. पण घाट तोच.

जवळून दाखवते. माझ्या बहिणीची मुलगी अकरावीला माझ्याकडे राहते. तिची जिवलग मैत्रीण गुजराती आहे. भाची मला मावशी म्हणते, मैत्रीण मासी. नवरात्राच्या आधीची गोष्ट. बडोद्यात गरब्याचे पास कोण कुणाबरोबर घेतंय, कुठल्या ग्रुपमध्ये कोण नाचणार, हे त्या वयात फार मोठं असतं. त्यांच्यातल्या तिसऱ्या मैत्रिणीने दुसऱ्याच मुलींबरोबर पास घेतले. ओट्यावरचं बोलणं असं चाललं होतं. त्या गुजरातीत बोलत होत्या, इथे मराठीत लिहिते.

"तिने स्टोरी टाकली. पास पण घेऊन झाले. मला विचारलंसुद्धा नाही."

"मुद्दाम केलं असेल?"

"मग काय! आठव, वाढदिवसाला पण असंच केलं होतं."

"तेव्हाच मला वाटलं होतं. तिच्या आईला तू आवडत नाहीस बहुतेक."

"का? कुणी म्हणालं का काही?"

"नाही गं, पण त्या दिवशी कशा बघत होत्या!"

"बघ, मलाही वाटलेलं. म्हणजे सगळ्यांना माहीत असणार. आपणच वेड्या."

सुरुवातीला घडलेली गोष्ट एकच होती: पास घेतले आणि हिला विचारलं नाही. पाच-सहा वाक्यांत तिसरीचा हेतू वाईट ठरला, जुना वाढदिवस उकरून निघाला, तिची आई शत्रू झाली आणि शेवटी सगळा वर्ग विरोधात गेला. यातलं एकही वाक्य मैत्रिणीने दुष्टपणाने म्हटलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी ती हिची बाजू घेत होती. म्हणूनच ते त्या दोघींच्या लक्षात येत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, पण उगाळताना शेजारी आपलं माणूस बसलेलं असतं, त्याची ऊब मिळते, आणि हात थांबत नाही.

तेव्हा कान असे ठेवा. बोलण्यात "झालं", "म्हणाली", "केलं" जास्त आहे की "असेल", "बहुतेक", "वाटतं"? तीच गोष्ट नवी माहिती नसताना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतेय का? दोघींपैकी कुणी "मग आता काय करायचं?" असं विचारतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बोलून उठल्यावर चेहरा कसा आहे? मन मोकळं केलेल्या मुलीला भूक लागते, ती चेष्टा करते, नाहीतर सरळ झोपते. उगाळून उठलेली मुलगी पुन्हा फोन बघते.

भरपूर बोलते म्हणून घाबरायचं कारण नाही. मनातलं सांगणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ज्या मुलीला सांगायला कुणीच नाही तिची काळजी मला जास्त वाटते.

तुम्ही काय बोलायचं

"एवढं काय त्यात" हे वाक्य घरातून हद्दपार करा. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हेसुद्धा. मुलीला त्यातून एवढंच कळतं की इथे सांगण्यात अर्थ नाही. मग ती सगळंच्या सगळं मैत्रिणीकडे नेते आणि उगाळणं वाढतं. "त्या मैत्रिणीशी बोलायचं बंद कर" याचाही परिणाम तोच होतो, फक्त चोरून. ज्या मैत्रिणीमुळे तिला आपण एकटे नाही असं वाटतं, तीच तुम्ही काढून घेता.

समोर बसवून चौकशी केल्यासारखं विचारू नका. डोळ्याला डोळा न भिडता जी कामं होतात ती बोलायला बरी पडतात: मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर ती मागे बसलेली असताना. विषय काय होता ते विचारू नका. बोलून झाल्यावर काय झालं ते विचारा. "तिच्याशी बोललीस की हलकं वाटतं, की जास्त जड?" एवढंच. उत्तर लगेच मागू नका. बऱ्याच मुलींनी स्वतःकडे असं कधी पाहिलेलंच नसतं. प्रश्न कानावर पडला की पुढच्या फोननंतर ती आपोआप स्वतःला तपासते. माझी भाची तेव्हा काही बोलली नव्हती. नंतर कधीतरी चहा पिताना म्हणाली, "मावशी, खरं सांगू? बोलताना बरं वाटतं, ठेवल्यावर वाईट." हे तिला स्वतःला कळलं की अर्धं काम झालं.

मुलींनो, आता तुमच्यासाठी

मैत्रिणीचं ऐकताना पहिली गोष्ट: एकदा संपूर्ण ऐका. मध्ये सल्ला नको, "माझ्या बाबतीत पण" नको, तर्कही नको. तिचं सांगून संपलं की तिला काय वाटलं ते तिलाच ऐकवा: "तुला न विचारता त्यांनी ठरवलं, म्हणून तुला बाजूला टाकल्यासारखं वाटलं, हो ना?" ती हो म्हणाली, की वाईट वाटण्याचा भाग झाला. तो खरा आहे, त्याला मान द्यायचा. पण तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा नाही.

मग कागद घ्या. खरोखरचा कागद, फोनवरची नोट नाही, कारण फोन हातात आला की तिसरीची स्टोरी पुन्हा उघडली जाते. मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे "माहीत आहे", उजवीकडे "वाटतंय". माझ्या भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने रफ वहीच्या मागच्या पानावर हे केलं. डावीकडे दोन ओळी आल्या: तिने दुसऱ्यांबरोबर पास घेतले, तिने मला विचारलं नाही. उजवीकडची बाजू पान संपेपर्यंत गेली. दोघीही त्या पानाकडे बघत गप्प बसल्या. मी काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. उजवीकडचं सगळं खोटं असतं असं नाही. त्यातलं काही खरंही निघतं. पण ते अजून माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीसाठी रडायचं की नाही, हे कागद समोर असला की ठरवता येतं.

पुढचं काम प्रश्न बदलण्याचं. "ती माझ्याशी अशी का वागली?" या प्रश्नाला तळ नाही. एका का-मधून दुसरा का निघतो आणि शेवट नेहमी "माझ्यातच काहीतरी कमी आहे" इथे होतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांचं सांगणं असं, की अडचणीचा विचार करणं वाईट नसतं, विचार कसा करतो त्यावर सगळं अवलंबून असतं. "का", "माझंच असं का होतं" अशा हवेतल्या विचारांनी मन खाली जातं. नेमकं काय घडलं, कसं घडलं, पुढचं पाऊल कसं टाकायचं, अशा ठोस विचारांनी अडचण सुटायला मदत होते. म्हणून मैत्रिणीला "का" विचारू नका. विचारा: उद्या शाळेत ती समोर आली तर तू काय म्हणशील? पहिलं वाक्य कोणतं? आत्ताच माझ्यापुढे म्हणून दाखव.

मग एकच छोटी गोष्ट ठरवा, जी आज किंवा उद्या होऊ शकेल. भाचीने मेसेज लिहिला: "तें पास लई लीधा? मारे पण आववुं हतुं." तू पास घेतलेस? मला पण यायचं होतं, एवढंच. आरोप नाही, टोमणा नाही, तीन-तीन प्रश्नचिन्हं नाहीत. आधी याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. पाठवण्याआधी मैत्रिणीने वाचलं आणि ते खोडायला लावलं, कारण ते वाक्य उजव्या बाजूचं होतं. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. उत्तर आलं, की पास तिच्या आतेभावाने आणले होते आणि मोजकेच होते. भाचीला तरी वाईट वाटलंच. "मोजके होते तरी सांगता आलं असतं" हे तिचं म्हणणं मलाही पटतं. पण आता ती एका खऱ्या गोष्टीवर नाराज होती. तिसरीची आई, वर्ग, वाढदिवस, सगळं गळून पडलं. ते पुढच्या दिवसांत पुन्हा ओट्यावर आलं नाही.

शेवटी उठा. हे मी फार मनापासून सांगतेय. त्याच जागी बसून राहिलात तर विषय परत येणारच. सुझन नोलेन-होएक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मनात घोळवत राहण्यावर आयुष्यभर संशोधन केलं. त्यांच्या प्रयोगांत उदास असलेल्या काही जणांना फक्त ८ मिनिटं स्वतःच्या मनःस्थितीवर विचार करायला सांगितलं, आणि काहींना बाहेरच्या साध्या गोष्टी डोळ्यांपुढे आणायला सांगितल्या, आकाशात ढग जमतानाचं दृश्य वगैरे. पहिल्यांची उदासी वाढली, दुसऱ्यांची कमी झाली. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की असं मन दुसरीकडे नेऊन आलेल्यांना त्यांच्या अडचणींवर उपायही चांगले सुचतात. म्हणजे थोडा वेळ विषय सोडणं हा पळपुटेपणा नाही. मन निवळलं की त्याच विषयाकडे नीट बघता येतं.

बडोद्यात यासाठी कामाटीबाग आहे. फाटकातून आत जाताना बोला, हवं ते सगळं बोला. म्युझियमपाशी पोचलात की विषय बंद. परत येताना त्यावर एक अक्षर नाही. गरब्याच्या स्टेप, फिजिक्सचं प्रॅक्टिकल, कुठली सेव-उसळ जास्त तिखट, काहीही चालेल. ज्यांना तिथवर जाता येत नाही त्यांनी गच्चीत जाऊन स्टेप बसवाव्यात. शरीर हललं पाहिजे. आणि हे नुसतं मनाचंच काम नाही. २००८ मध्ये जेनिफर बर्ड-क्रेव्हन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मैत्रिणींच्या जोड्यांना अडचणींवर बोलायला सांगून त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं. मिळून उगाळणाऱ्यांमध्ये ते वाढलेलं आढळलं. जिवलग मैत्रीण शेजारी असूनही.

जी ऐकते तिचं काय

सगळ्यांचं लक्ष रडणाऱ्या मुलीकडे असतं. ऐकणारी मुलगी मात्र रोज रात्री दुसरीचं ओझं घेऊन झोपते, आणि तिला कुणी विचारत नाही. रेबेका श्वार्ट्झ-मेट आणि अमांडा रोज यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की मैत्रीत एकीची उदासी आणि चिंता दुसरीला लागू शकते आणि त्यात मिळून उगाळण्याचा हात असतो. तेव्हा तुम्ही ऐकणाऱ्या असाल तर हे वाचाच.

मैत्रिणीला थांबवणं म्हणजे तिला टाकणं नव्हे. पण थांबवायचं कसं, याचे शब्द ऐन वेळी सापडत नाहीत, म्हणून आधीच ठेवा. "मी आहेच तुझ्याबरोबर. हे आपण काल पण बोललो ना, आज काय करायचं ते ठरवू या." "मला पण राग आला असता. पण ती मुद्दाम वागली का, ते आपल्याला माहीत नाही." "आज माझं पण डोकं जड आहे, उद्या सुट्टीत बोलू, नक्की." हे तिसरं वाक्य मुलींना सगळ्यांत अवघड जातं. आपण स्वार्थी ठरू असं त्यांना वाटतं. पण "उद्या सुट्टीत" म्हटलं आणि सुट्टीत खरंच गेलात, तर कुठलीच चांगली मैत्रीण त्याचा राग धरत नाही.

फोनबद्दल थोडंसं. स्क्रीनशॉट हे उगाळण्याचं सरपण आहे. भांडणाचे जुने चॅट पुन्हा वाचायला पाठवू नका आणि मागू नका. पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट रात्री पाठवू नका, ऐकणाऱ्याला मध्ये थांबवून "मग आता?" विचारता येत नाही. आमच्या घरात दहानंतर नवा विषय काढायचा नाही असं ठरलंय. जुना असला तर एक ओळ: "उद्या बोलू, मी आहे." झोप मोडली की सकाळी सगळं दुप्पट वाईट दिसतं.

मुलग्यांचं वेगळं आहे. अमांडा रोज यांच्याच २०१२ मधल्या कामात सुमारे २,००० मुलामुलींना विचारलं तेव्हा मुलगे म्हणाले, की अडचणींवर बोलणं विचित्र वाटतं आणि त्यात वेळ फुकट जातो. लाज वाटते असं नव्हे, उपयोगच वाटत नाही. म्हणून मुलाला "मोकळा हो, बोल" म्हणून मागे लागू नका. त्याला काहीतरी करता येईल असं दिसलं की तो बोलतो. क्रिकेटहून आल्यावर, बॅट ठेवता ठेवता.

जिथे उपायच नसतो

वर सांगितलेलं सगळं भांडण, मार्क, मैत्री, प्रेम, वर्गातले गट यांसाठी आहे. घरात कुणी गेलं असेल, आई-वडील वेगळे होत असतील, बाबांची नोकरी गेली असेल, तर कागदावर रेघ मारून "आता काय करायचं" विचारणं क्रूर ठरेल. तिथे मैत्रिणीने तीच आठवण पुन्हा सांगितली तर ऐका. दुःखाला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, ते उगाळणं नाही. तेव्हाही उठून चालायला घेऊन जा, खायला घाला, पण विषय मोडू नका.

आणि काही गोष्टी दोन मुलींच्या मैत्रीत मावतच नाहीत. मैत्रीण म्हणाली की जगावंसं वाटत नाही, तिने स्वतःला इजा केलीय, किंवा कुणी मोठं माणूस तिच्याशी वाईट वागतंय, तर "कुणाला सांगू नकोस हं" हे वचन पाळायचं नाही. सरळ विचारा: "तू जीव देण्याचा विचार करतेयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगा. एकाने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याला सांगा. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तरी सांगा.

केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. फुकट, दिवसरात्र, आणि मराठी, गुजराती, हिंदीत बोलता येतं. मुलांवर अत्याचार होत असेल तर चाइल्डलाइन १०९८. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. कारेलीबागेचं नाव घेतलं की लोक दचकतात, पण तिथे जाणारी माणसं आपल्यासारखीच असतात. मुलगी दोन आठवड्यांहून जास्त खिन्न असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी तिने टाकल्या असतील, तर मैत्रीण बदलून किंवा फोन काढून घेऊन हे सुटणार नाही. डॉक्टरांकडे न्या.

आयांनो, एक तुमच्यासाठी

एरिका वॉलर आणि अमांडा रोज यांनी २०१० मध्ये हेच आई आणि मुलांच्या नात्यात तपासलं. पाचवी, आठवी आणि अकरावीतली ५१६ मुलं होती. आईबरोबर उगाळणाऱ्या मुलांचं आईशी नातं जवळचं होतं, पण ते गुंतून पडलेलंही होतं. आणि मुलांच्या उदासी-चिंतेशी मुख्यतः जोडलेलं काय निघालं? आईच्या स्वतःच्या अडचणींचं उगाळणं. सासूचं, जावेचं, नवऱ्याचं, पैशाचं. आपल्याकडे मुलगी वयात आली की ती आईची मैत्रीण होते, असं आपण कौतुकाने म्हणतो. स्वयंपाकघरात भाजी निवडताना आई सगळं तिच्यापाशी रिकामं करते. तिला घरात काय चाललंय ते कळलं पाहिजे, हे खरं. "बाबांचा पगार दोन महिने उशिरा येणार आहे, आपण असं असं जमवणार आहोत" एवढं सांगा. "तुझी आत्या माझ्याशी अशी का वागते" हे तिच्याकडे नेऊ नका. त्यासाठी तुमची बहीण आहे, तुमची मैत्रीण आहे. वर मुलींना सांगितलेला कागद तिच्याबरोबर तुम्हीही वापरा.

आता दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा. ती मार्चच्या आसपास सुरू होते आणि तेव्हा उगाळण्याला ऊत येतो. पेपर संपला की केंद्राबाहेर घोळका जमतो: पाचव्याचं उत्तर काय आलं, तुझं वेगळं आलं, म्हणजे माझं गेलं. घरी येईपर्यंत पास होणारी मुलगी मनाने नापास झालेली असते आणि दुसऱ्या पेपरचा अभ्यास बुडतो. म्हणून परीक्षेआधीच दोन्ही घरांनी मिळून ठरवा. घ्यायला जाणाऱ्याने पेपर कसा गेला हे एकदाच विचारायचं आणि प्रश्नपत्रिका आपल्या पिशवीत ठेवायची. मैत्रिणींनी भेटावं, पण उत्तरं जुळवायची नाहीत. तो पेपर शेवटच्या पेपरनंतरच काढायचा. घरी जेवण, तासभर झोप, मग पुढच्या विषयाचं पहिलं प्रकरण. फोन करायचाच असेल तर मैत्रिणीला एवढंच विचारायचं, की आज रात्री कुठल्या प्रकरणापासून सुरुवात करतेयस.